घेण्यास नकार

निलंगा, दि. ११ जून १९९९

न्यायालयात बेलीफ म्हणून मी एकतीस वर्षे नोकरी केली. कोणत्या गावी कोणावर समन्स बजावले, कोणी घेतले, कोणी टाळले, हे दररोज लिहून ठेवण्याची शिस्त त्या नोकरीने लावली. निवृत्तीनंतर लिहिण्यासारखे काही उरले नाही, म्हणून वही बंद केली होती. आज ती पुन्हा उघडत आहे.

माझी नात चि. शिवांगी दहावीच्या परीक्षेत एक्क्याऐंशी टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली. माझे स्वतःचे शिक्षण निजामाच्या काळात, उर्दू शाळेत, चौथीपर्यंत झाले. मराठी मी कोर्टाचे कागद वाचून शिकलो. त्यामुळे माझ्या मराठीत चूक काढणे वकिलांनाही जमले नाही. आता याच घरातून डॉक्टर निघेल.

पोस्टमन हनीफ साखर खायला थांबला. तो आणि मी वीस वर्षे एकाच रस्त्याने गावोगाव कागद वाटत हिंडलो आहोत. म्हणाला, "अप्पा, आता तुमचं दुखणं फुकटात बघतील बघा. आमचंबी ध्यानात ठेवा." मी म्हणालो, "रांगेत उभा राहा." सर्व हसले. शिवांगी हसली की नाही, ते मी पाहिले नाही.

दि. १४ जून

शिवांगीला डॉक्टर व्हायचे नाही. तिला परिचारिका व्हायचे आहे.

नववी-दहावीला तिने शाळेत 'आरोग्य व समाजसेवा' हा व्यवसाय विषय घेतला होता. तो मला शिवणकामासारखा, मुलींचा वेळ जाण्यासाठी असलेला विषय वाटला होता. आज त्याच्या शिक्षिका खातूनबी घरी आल्या तेव्हा समजले, की त्या मुलींना घरोघरी अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे, अंगणवाडीत, किल्लारीच्या नव्या वसाहतीत घेऊन जात. आजाऱ्यास न उठवता चादर कशी बदलावी, हे माझी नात दोन वर्षे शिकत होती.

लातूरच्या एका संस्थेत परिचारिका-प्रशिक्षण आहे. भूकंपात आईवडील गमावलेल्या मुलींसाठी तिथे दोन जागा असून राहणे-खाणे संस्थेकडे आहे. एका जागेसाठी खातूनबींनी शिवांगीचे नाव धाडले आहे. पालकाच्या संमतीचा कागद रजिस्टर टपालाने माझ्या नावे येईल. सही करून तो तीस तारखेच्या आत पोहोचला पाहिजे.

मी त्यांना स्पष्ट सांगितले, "माझी नात परक्यांचे मलमूत्र उपसणार नाही."

त्या म्हणाल्या, "कुणीतरी उपसतंच की, गुरुपादप्पा. एक दिवस तुमचं-माझंबी उपसावं लागंल."

"तो दिवस येईल तेव्हा पाहू."

"तेव्हा तुम्हाला कुठं दिसणार? तुम्ही छताकडं बघत पडलेले असाल." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पोरीचा हात लई हलका आहे. मी बावीस वर्षं हे काम करून राहिले. असा हात शिकवून येत नाही."

आतून माझी पत्नी सौ. पार्वतम्मा म्हणाली, "चहा तरी घ्या म्हणावं त्यांना. उपाशीपोटी भांडू नये." खातूनबींनी चहा घेतला. शिवांगीने कप त्यांच्या हातात दिला, त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे होते, ते माझ्याकडे पाहताना कधी नसते.

दि. २२ जून

हनीफ सकाळी सायकल टेकवून म्हणाला, "अप्पा, रजिस्टर हाय. सही मारा."

"कोणाकडून?"

"लातूरची कुठली संस्था हाय. शिक्का बघा की वरी."

"परत पाठव."

तो हसला. "चेष्टा करता व्हय? जिंदगीभर लोकांच्या मागं लागलात, कागद घ्या, कागद घ्या म्हणून. अन् आता तुम्हीच?"

"शेरा लिही. घेण्यास नकार."

"पोरीचं काही असंल त्यात."

"पत्र माझ्या नावे आहे. शेरा लिहिणे तुझे काम आहे."

हनीफ हसायचा थांबला. सायकलीच्या सीटवर पाकीट ठेवून त्याने शेरा लिहिला आणि सलाम न करता निघून गेला.

पत्रात काय होते, हे कायद्याने मला अधिकृतपणे ज्ञात नाही. तथापि ज्या वहीत मी खरे लिहितो तिच्यात हेही लिहिले पाहिजे, की नकार देणाऱ्यांचा मला आयुष्यभर तिटकारा होता. एक इसम मला पाहून कडब्याच्या गंजीत लपला होता. त्याचे पाय बाहेर दिसत होते. मी त्या पायांना उद्देशून म्हणालो होतो, "कागद न घेतल्याने दावा मिटत नसतो." गावकरी पुष्कळ हसले होते.

शिवांगी त्या वेळी परसात भांडी घासत होती. तिथून दारातले बोलणे ऐकू येत नाही.

दि. २३ जून

जेवताना शिवांगीने विचारले, "अज्जा, टपाल आलं होतं का काही?"

मी म्हणालो, "माझ्या हाती काही आलेले नाही." हे वाक्य शब्दशः खरे आहे.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं."

दि. ३० जून

मधले सर्व दिवस ती जेवताना तोच प्रश्न विचारत असे आणि मी तेच उत्तर देत असे. आज तिने विचारले नाही. संध्याकाळी ताटे उचलताना म्हणाली, "अज्जा, लातूरला कॉलेजात कधी जायचं?"

मुलांचे हट्ट असेच असतात. दुर्लक्ष केले की विरतात. मी पार्वतम्माला तसे म्हणालो. तिचे डोके दुखत होते.

दि. ७ जुलै

काल लातूरला जाऊन विज्ञान शाखेत प्रवेश घेतला. शिकवणीचे वर्गही ठरवले. सर्व महाराष्ट्रातून मुले आलेली आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुणवंतांचे मोठमोठे फलक लागले आहेत. त्यांतील एक मुलगा आमच्या ओळखीच्या चाकूरच्या अण्णारावांचा आहे. मी शिवांगीला तो फलक दाखवून म्हणालो, "इथे तुझाही चेहरा लागेल."

ती म्हणाली, "अज्जा, तो पडेल ना वाऱ्यानं. एकाच दोरीवर हाय."

खोलीत चार मुली आहेत. खानावळीचा डबा येतो. निघताना तिने वाकून नमस्कार केला. माझ्या चपलेचा अंगठा तुटला आहे हे तिने तेव्हा पाहिले आणि आपल्या पिशवीतला सुई-दोरा काढून तो तिथेच, पायरीवर बसून, शिवून दिला. मी तिला म्हणालो, "असली कामे आता सोड. अभ्यास कर."

दि. ३० सप्टेंबर

भूकंपास आज सहा वर्षे झाली. आजच्या दिवशी लिहू नये असे ठरवले होते.

माझी एकुलती एक कन्या किल्लारीकडच्या गावी दिलेली होती. त्या गावातील प्रत्येक दार मला ठाऊक होते. कोणत्या दाराची कडी वाजवायची आणि कोणते दार हाक मारल्याखेरीज उघडत नाही, हेसुद्धा. मी पोहोचलो तेव्हा दार असे कोणतेच उरलेले नव्हते. कन्या आणि जावई गेले. दहा वर्षांची शिवांगी दगडमातीखालून जिवंत निघाली, पाय मोडलेला होता.

मदत-छावणीच्या तंबूत ती चार दिवस बोलली नाही. मी चारही दिवस तिच्या उशाशी बसून होतो. तिचे नाव घेत होतो, तिच्या आईचे नाव घेत होतो. पाचव्या दिवशी तिथे काम करणाऱ्या एका नर्सबाईने तिचे केस धुतले. ती बाई काही बोलत नव्हती, फक्त धूत होती. आणि शिवांगी म्हणाली, "पाणी गरम हाय."

त्या नर्सबाई म्हणजेच खातूनबी. पुढे त्या निलंग्याच्या शाळेत शिकवायला आल्या. मला त्यांच्याविषयी आकस नाही. पोरीचा पहिला शब्द कोणासमोर निघाला, याला कायद्यात काही महत्त्व नाही.

दि. १२ नोव्हेंबर

शिवांगी दिवाळीला येऊन गेली. शिकवणीत गुणांप्रमाणे तुकड्या पाडतात. ती शेवटच्या तुकडीत आहे. म्हणाली, "अज्जा, त्या तुकडीला सर येत न्हाईत. सरांचा भाचा येतो." मी म्हणालो, "तू पहिल्या तुकडीत जा म्हणजे सर मिळतील." दोन दिवस ती पार्वतम्माजवळच बसून होती. पार्वतम्माचा उजवा हात मधूनच सुन्न होतो, हे मला तिच्याकडून समजले. ती म्हणाली, "रक्तदाब बघून घ्या." मी म्हणालो, "आधी डॉक्टर हो, मग सांग."

दि. १४ जून २००१

दीड वर्ष वही उघडली नाही. बारावीचा निकाल आज लागला. शिवांगी भौतिकशास्त्रात अनुत्तीर्ण आहे.

अण्णारावांना विचारले. ते म्हणाले, "रिपीट मारा. आमच्या पोरानंबी एक साल रिपीटच मारलं की. ते फलकावर कोण लिवतंय?"

रिपीट करण्याचे ठरले. कोणी ठरवले असे वहीत लिहायचे झाल्यास, मी ठरवले.

दि. २० जून २००२

उत्तीर्ण, सत्तेचाळीस टक्के. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचे गुण लिहीत नाही. मी म्हणालो, "अजून एक वर्ष."

शिवांगी म्हणाली, "न्हाई, अज्जा."

आवाज चढलेला नव्हता. मी तिला 'न्हाई' नव्हे 'नाही' म्हण, असे सांगण्यास तोंड उघडले आणि मिटले. तीन वर्षांत तिने मला दिलेला हा पहिला नकार होता.

शाळेतील खातूनबींचा विषय बंद झाल्याचे कळले. त्या वर्गाला मुली मिळेनात. सर्व पालक मुलांना आठवीपासूनच लातूरच्या शिकवण्यांना धाडू लागले आहेत. खातूनबी नांदेडला वृद्धांच्या एका दवाखान्यात गेल्या.

दि. ९ ऑगस्ट

पार्वतम्मास अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शिवांगी त्या दिवशी लातूरला आपले सामान व दाखला आणण्यास गेली होती.

दि. २८ ऑगस्ट

दवाखान्यातून घरी आणून बारा दिवस झाले. शिवांगी लातूरलाच तापाने आजारी पडली होती, ती काल आली. तोवर पार्वतम्माचे सर्व मीच केले. अभिमानाने लिहितो, की मी तिला एकदाही हलवून त्रास दिला नाही. सरळ, स्वच्छ, पाठीवर निजवून ठेवले होते.

शिवांगीने आल्याबरोबर तिला कुशीवर वळवले आणि मला बोलावले. कमरेच्या खाली तळहाताएवढी जखम होती. आत मांस दिसत होते.

"अज्जा, एकाच अंगावर ठेवलं व्हतं?"

"तिला दुखू नये म्हणून."

तिने पाणी कोमट केले. जखम धुतली, कापड बदलले, पोटऱ्यांखाली उशी अशी सारली की टाचा अंथरुणाला लागू नयेत. घास भरवताना मान किंचित पुढे घेतली. माझ्या हातून दर घासाला ठसका लागत होता, तिच्या हातून एकही लागला नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची असते. हे तिला नववीत शिकवले होते. मी एकोणसत्तर वर्षांचा असताना ती माझ्याच घरात हे शिकत होती, आणि मी त्याला शिवणकाम समजलो.

मलमूत्र तीच काढते. मी त्या वेळी अंगणात जाऊन उभा राहतो.

दि. ३ नोव्हेंबर

जखम भरत आली आहे. आज खातूनबी पार्वतम्माला पाहण्यास नांदेडहून आल्या. जखमेवरची पट्टी सोडून त्यांनी बारकाईने पाहिले व म्हणाल्या, "ही कुणी भरली?"

"मी, बाई."

खातूनबींनी पट्टी पुन्हा नीट बांधली. मग माझ्यासमोरच म्हणाल्या, "एक विचारू का, शिवांगी? मनात राहून गेलंय. त्या साली संस्थेचं पत्र परत आलं. नकार म्हणून. पुढं तूही कधी फिरकली नाहीस. तुला नको होतं तर मला तोंडावर सांगायचं होतंस गं. मी तुझ्यासाठी भांडून नाव घातलं होतं."

मी खाटेचा दांडा धरून उभा होतो. बोलण्याची वेळ माझी होती, हे मला ठाऊक होते. एकतीस वर्षे मी लोकांच्या दारात उभा राहून त्यांचे नाव मोठ्याने पुकारले आहे. आज आवाज निघाला नाही.

शिवांगी म्हणाली, "हाव बाई. मलाच नको होतं तेव्हा. चुकलं माझं."

खातूनबी चहा न घेता गेल्या.

त्या गेल्यावर मी विचारले, "तुला केव्हापासून ठाऊक आहे?"

"त्याच दिवशी. परसात ऐकू येतं, अज्जा. सगळं येतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती पार्वतम्माची वेणी सोडत होती. "तुम्ही सांगाल म्हणलं. रोज इचारलं की तुम्हाला. अज्जी म्हणायची, तुझा अज्जा लई कडक हाय, पर खोटं बोलत न्हाई. तीस तारखेपर्यंत वाट बघितली."

"त्यांच्याकडे जाऊन सांगता आले असते."

"काय सांगू? माझा अज्जा खोटं बोलला म्हणून?"

पार्वतम्मा छताकडे पाहत होती. तिची वाचा गेलेली आहे, कान शाबूत आहेत.

दि. ११ नोव्हेंबर

नांदेडला जाऊन आलो. पहाटेची एसटी मिळाली. शेजारच्या बाईस शिवांगीच्या मदतीला घरी येऊन बसण्यास सांगितले होते.

दवाखान्यात खातूनबी एका म्हाताऱ्याची नखे कापत होत्या. मी उभा राहूनच सांगितले, "दिनांक बावीस जून एकोणीसशे नव्याण्णव रोजी सदर पत्र मी नाकारले. मुलीस विचारले नाही. मुलीने या तीन तारखेस माझ्यासाठी खोटे सांगितले. तिच्याकडे दोष नाही."

त्यांनी उरलेली तीन नखे कापली. मग म्हणाल्या, "बसा, गुरुपादप्पा. पाणी घ्या."

मी बसलो नाही. "त्या जागेसाठी आता काय करावे लागेल, ते सांगा."

"ती योजना दोन सालच चालली. सरकारी प्रशिक्षणाला दहावीवर अर्ज करता येईल अजून, वय गेलेलं नाही. पण अर्ज मंजूर झाला तरी पोरगी येणार कशी? घरी आजारी बाई टाकून?" त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही करणार आहात का तिचं?"

मी त्या म्हाताऱ्याच्या कापलेल्या नखांकडे पाहिले.

मी विचारले, "शिवांगीच्या जागी मग कोणती मुलगी गेली? ती तरी परिचारिका झाली असेल."

"कुणीच नाही गेलं."

"दोन जागा होत्या."

"एक भरली. दुसरी मी धरून ठेवली. संस्थेला म्हणलं, पोरगी येईल, घरचा माणूस कडक आहे, समजूत काढून येईल. दिवाळीपर्यंत धरून ठेवली. मग त्यांनी खाट उचलून दुसरीकडं नेली." त्या हात धुवायला उठल्या. "दिवाळीपर्यंत मोकळी होती, गुरुपादप्पा. कधीही आली असती तरी चाललं असतं."

परतीच्या गाडीत मी हिशेब केला. जून ते दिवाळी. ती दोन दिवस घरी आली होती, शेवटच्या तुकडीचे सांगत होती, तोपर्यंत जागा मोकळी होती. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होते.

हे शिवांगीस सांगू नये, असा विचार अहमदपूरपर्यंत मनात होता. तिला उगीच दुःख कशाला, असे मी स्वतःला समजावले. मग ध्यानात आले की टपालाच्या वेळीही मी स्वतःला असेच काहीसे समजावले होते.

घरी आल्यावर चपला काढण्याआधी तिला सर्व सांगितले. दिवाळीपर्यंत, हेही सांगितले.

ती पार्वतम्माजवळ बसली होती. पत्र परत गेल्याचे तिला ठाऊक होते, तीन वर्षे तिने ते पचवले होते. पण जागा आपली वाट पाहत होती, हे तिला माहीत नव्हते. तिने तोंडाला पदर लावला आणि रडू लागली. छावणीतून आणल्यापासून मी तिला असे रडताना पाहिलेले नाही. आवाज लहान मुलीचा होता.

मी जवळ जाऊ की नको, ते मला समजले नाही. पार्वतम्माच्या डाव्या हाताची बोटे चादरीवरून तिच्याकडे सरकत होती, पोहोचत नव्हती. खोलीत वास आला. पार्वतम्माचे अंथरूण ओले झाले होते. शिवांगीने तशाच अवस्थेत उठण्यासाठी जमिनीवर हात टेकला.

मी म्हणालो, "तू बस." आणि बाह्या वर सारल्या. "कुठून धरायचे, ते फक्त सांग."

तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. मग ती म्हणाली, "आधी खांदा, अज्जा."